ओपीटीवरची पोरं, अमेरिकेचा टॅक्स आणि गावाकडचं जॉइंट खातं

ओपीटीवर, म्हणजे तिथलं शिक्षण झाल्यावर विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या नोकरीच्या परवानगीवर, काम करणाऱ्या पोराला अमेरिकेत टॅक्स लागतो का, तर हो, पहिल्या पगारापासून लागतो. पण किती लागतो, कुठला फॉर्म भरायचा, पगारातनं काय कापलं पाहिजे आणि काय कापायलाच नको हे व्हिसाच्या शिक्क्यापेक्षा तो पोरगा कुठल्या कॅलेंडर वर्षात तिथं उतरला त्यावर ठरतं, आणि इथं बसलेल्या आईवडलांचं सोडा, तिथं नोकरी करणाऱ्या बऱ्याच पोरांनाही हे कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं.

मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एका ऑफिसात इन्कम टॅक्सचं काम बघते. आपल्याकडचे रिटर्न हे माझं रोजचं काम, अमेरिकेचं मी शिकले ते धाकट्या भावामुळं. तो इथं केआयटी कॉलेजातनं इंजिनिअर झाला, ऑगस्ट २०२१ ला एमएसला टेक्सासला गेला, २०२३ ला पास होऊन ओपीटीवर लागला, आता स्टेम एक्स्टेन्शनवर, म्हणजे इंजिनिअरिंग-सायन्सवाल्यांना मिळणाऱ्या ओपीटीच्या वाढीव मुदतीवर आहे. त्याच्यासाठी आयआरएसचं, म्हणजे तिथल्या इन्कम टॅक्स खात्याचं, पब्लिकेशन ५१९ वाचायला घेतलं आणि मग ऑफिसात येणारे कागल, गडहिंग्लजचे पालकही विचारायला लागले, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

मुळात एफ-१ ह्या विद्यार्थी व्हिसावर असताना पहिली पाच कॅलेंडर वर्षं अमेरिका तुमचे तिथले दिवस मोजतच नाही, म्हणजे तुम्ही वर्षभर तिथंच राहिलात, भाडं भरलंत, गाडी घेतलीत तरी टॅक्सच्या हिशेबात तुम्ही नॉन-रेसिडेंट. ही सूट फक्त दिवस मोजण्यापुरती आहे, टॅक्समधनं सुटका नाही. आणि वर्षं म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, त्यातला एक दिवस जरी तिथं गेला तरी ते अख्खं वर्ष धरतात. भाऊ ऑगस्ट २०२१ ला गेला, तर त्याची पाच वर्षं २०२१, २२, २३, २४ आणि २५. समजा एखादा डिसेंबर २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात उतरला तर त्याचंही २०२१ संपलं, आणि तोच चार दिवसांनी, जानेवारीत गेला असता तर मोजणी २०२२ पासून सुरू झाली असती. जानेवारीत कॉलेज सुरू होणाऱ्या पोरांनी तिकीट काढताना हे डोक्यात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण ह्या एका वर्षाची किंमत हजारो डॉलरमध्ये होते.

कशी ते सांगते. अमेरिकेत पगारातनं फेडरल टॅक्सशिवाय अजून दोन गोष्टी कापतात, सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के, मिळून ७.६५, ह्याला फायका म्हणतात. एफ-१ वरचा नॉन-रेसिडेंट, ओपीटीवर असला तरी, ह्यातनं पूर्ण माफ असतो. महिना ६,००० डॉलर पगार धरला तर हे ४५९ डॉलर होतात, वर्षाचे ५,५०८. शैक्षणिक कर्जाचे बरेच हप्ते निघतात हो त्यातनं.

यंदा जानेवारीचा पगार झाला आणि भावाचा फोन, "ताई, पगार कमी आलाय, काहीतरी नवीन कापलंय, आणि माझ्या रूममेटचंबी कापतायत, आम्ही दोघंबी एचआरला मेल टाकतोय." मी म्हटलं थांब, दोघांच्या स्लिपा पाठव आधी. स्लिपांवर दोन्हीकडं त्याच दोन ओळी, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, पण दोघांची गोष्ट एकदम वेगळी. भावाची पाच वर्षं २०२५ ला संपली, २०२६ मध्ये त्याचे दिवस मोजायला लागले, आणि तो वर्षभर तिथंच असणार म्हणजे रेसिडेंट धरण्यासाठीची १८३ दिवसांची अट सहज पुरी होणार, मग तो वर्षाच्या पहिल्या दिवसापासून रेसिडेंट. व्हिसा तोच, नोकरी तीच, डेस्कसुद्धा तेच, तरी त्याचं कापलं ते बरोबर. रूममेट २०२३ ला गेलेला, २०२५ ला पास झाला, त्याची माफी २०२७ पर्यंत आहे, आणि त्याच्या कंपनीनं पहिल्या पगारापासनं कापायला सुरुवात केली ती सरळसरळ चूक.

ही चूक छोट्या कंपन्यांत बऱ्याचदा दिसते, पेरोलवाल्यांना एफ-१ चा नियम माहीतच नसतो. अशा वेळी आयआरएसकडं धाव घ्यायची नाही, आधी कंपनीकडंच मागायचं, आणि मागताना एक गोष्ट आवर्जून सांगायची की जेवढे पैसे पोराचे कापले तेवढेच, ७.६५ टक्के, कंपनीनंही स्वतःच्या खिशातनं भरलेत, दुरुस्ती केली तर तिचेही परत मिळतात. हे कळलं की एचआरची भाषा बदलते. तरी नाहीच म्हणाले तर त्यांच्याकडनं तसं लिहून घ्यायचं आणि फॉर्म ८४३ सोबत फॉर्म ८३१६ जोडून आयआरएसला पोस्टानं पाठवायचा, डब्ल्यू-२ (कंपनीचा वर्षाचा पगाराचा दाखला), आय-९४ (प्रवेशाची नोंद), आय-२० (कॉलेजचा कागद), ईएडी कार्ड (नोकरीचा परवाना) ह्यांच्या कॉप्या लावून. साधारण तीन वर्षांची मुदत असते, २०२३ च्या पगारातनं चुकून कापलेले असतील तर १५ एप्रिल २०२७ पर्यंत मागता येतात. वेळ लागतो, पण पैसे तुमचे आहेत, सोडू नका. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लागला की मात्र माफी त्या दिवसापासून बंद, पाच वर्षं पुरी झाली असोत वा नसोत.

आणि हे कापलेले पैसे पेन्शन म्हणून मिळायचे तर तिथं साधारण दहा वर्षं नोकरी करून ४० क्रेडिट व्हायला लागतात. काही देशांनी अमेरिकेशी करार करून इकडची वर्षं तिकडं धरायची सोय केलीय, भारताचा तसा करार नाही. तीन-चार वर्षं भरून परत आलेल्या पोराचे पैसे तिथंच राहतात. मला हे अजिबात पटत नाही, हा करार व्हायलाच पाहिजे.

एक करार मात्र आपल्या पोरांच्या फायद्याचा आहे आणि तो वापरायचं राहून जातं. भारत-अमेरिका टॅक्स करार, १९८९ ला सही झालेला, त्यातलं कलम २१. नॉन-रेसिडेंटला एरवी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातनं मिळणारी सरसकट वजावट, मिळत नाही, पण भारतातनं शिकायला गेलेल्याला ह्या कलमामुळं मिळतं. २०२५ साठी ते एकट्या माणसाला १५,७५० डॉलर आहे. वर्षाला ७२,००० पगार धरून मी मांडून बघितलं, डिडक्शन घेतलं तर फेडरल टॅक्स ७,२८९ डॉलर येतो, नाही घेतलं तर १०,७५४. ३,४६५ डॉलरचा फरक, फक्त रिटर्नमध्ये एक आकडा आणि कराराचं कलम लिहायचं. टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा टॅक्स नाही, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कवाल्यांना तो वेगळा भरायला लागतो.

रिटर्न कुठला, तर नॉन-रेसिडेंटचा १०४०-एनआर आणि सोबत फॉर्म ८८४३, म्हणजे माझे दिवस मोजू नका हे कळवणारा कागद, पगार असेल तर १५ एप्रिलपर्यंत. शिकत असताना एक डॉलर कमवला नसला तरी ८८४३ भरायचाच असतो. पोरं काय करतात, मित्रानं सांगितलं म्हणून टर्बोटॅक्सवर बसतात आणि अर्ध्या तासात रिटर्न टाकून मोकळे होतात, पण ते सॉफ्टवेअर १०४०-एनआर करतच नाही, साधा १०४० करतं, आणि त्यात फीवरचं एज्युकेशन क्रेडिट लागून रिफंड चांगला मोठा दिसतो. तो रिफंड नॉन-रेसिडेंटचा नव्हेच! आज ना उद्या १०४०-एक्स भरून दुरुस्त करायचा आणि जास्तीचे पैसे परत द्यायचे. पुढं ग्रीन कार्डपर्यंत जायची इच्छा असणाऱ्यानं तर हा कागद चुकवूच नये. आणि नॉन-रेसिडेंट असेपर्यंत शेअरचा नादही जरा बेतानं, कारण वर्षात १८३ दिवस तिथं असलेल्या नॉन-रेसिडेंटला शेअरच्या नफ्यावर सरळ ३० टक्के लागतात, बँकेच्या व्याजावर मात्र काही नाही.

आता इकडचं. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, परवाच कागलचे एक काका विचारत होते, "मॅडम, पोरगं पैसं पाठवतंय, माझ्या खात्यावर आलं की इन्कम टॅक्सवालं दारात येतील काय?" नाही येत काका. मुलानं वडलांना पाठवलेल्या पैशावर वडलांना टॅक्स नाही, कितीही असो, त्याची एफडी केली तर फक्त व्याज वडलांच्या उत्पन्नात धरायचं. मुलगा आपल्या हिशेबानं अनिवासी झाला की त्याच्या तिकडच्या पगारावर इथं टॅक्स नाही. त्याचं इथलं सेव्हिंग खातं मात्र एनआरओ, म्हणजे अनिवासीचं खातं, करून घ्यायला लागतं आणि हे सगळ्यात जास्त लांबणीवर पडतं. कर्जाच्या व्याजाची ८०ई म्हणून आपण ओळखतो ती सवलत, वडील कर्जदार असतील आणि स्वतःच्या उत्पन्नातनं भरत असतील तर त्यांना आठ वर्षं मिळते, पण जुन्या रिजिममध्येच. आणि जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतनं पैसे पाठवण्यावर एक टक्का लागतो असं जे सगळीकडं फिरतंय तो रोख रक्कम, मनी ऑर्डर असल्या प्रकारांवर आहे, बँक खात्यातनं पाठवलं तर नाही.

खरी काळजी सहाव्या वर्षाची. रेसिडेंट झाला की अमेरिका त्याचं जगभरातलं उत्पन्न धरते आणि अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, म्हणजे आपल्या नऊ लाखांच्या आसपास, तर एफबार नावाचा वेगळा रिपोर्ट भरायला लागतो. १५ एप्रिलची तारीख असते, ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते, पण न भरल्याचा दंड जबर आहे. आणि जॉइंट खात्यात मुलाचं नुसतं दुसरं नाव असलं तरी अख्खी शिल्लक त्याच्या हिशेबात येते. आपल्याकडं घरोघरी हेच असतं, पोरगं अठरा वर्षांचं झालं की वडील सगळीकडं त्याचं नाव लावतात, ऊसबिल जमा होतं त्या खात्याला, आजीच्या एफडीला, पतसंस्थेतल्या ठेवीला. पैसे वडलांचेच असतील तर मुलाला त्यावर तिकडं टॅक्स नाही, पण कळवायचं चुकत नाही. सातबाऱ्यावर मुलाचं नाव असेल आणि उसाचे पैसे खरंच त्याच्या वाट्याचे असतील तर प्रकरण वेगळं, इथं शेतीचं उत्पन्न करमुक्त, अमेरिकेत तशी माफी नाही, आणि इथं टॅक्स भरलेलाच नसल्यामुळं तिकडं वजावट कशाची मागणार.

म्हणून मी पालकांना सांगते, जॉइंट ठेवू नका, नॉमिनी करा. नॉमिनी खातेदार नसतो, त्यामुळं तो रिपोर्टमध्ये येत नाही, आणि तुमच्या पश्चात पैसे काढायला अडचणही येत नाही. हे पाचवं वर्ष संपायच्या आत उरकायचं. आमच्या बाबांनी ऊसबिलाच्या खात्यावरनं भावाचं नाव कमी करायचा अर्ज फेब्रुवारीत दिला, म्हणजे २०२६ चे काही आठवडे त्याचं नाव होतंच, तेवढ्या काळातली सगळ्यात मोठी शिल्लक पुढच्या एप्रिलला एफबारमध्ये लिहायला लागणार, म्हणून त्यांना आधी बँकेत जाऊन जानेवारीपासनंचं पासबुक भरून आणायला सांगितलंय.