मिरोस्लाव क्लोजे लोकांना का आवडतो?

जर्मनीचा फुटबॉलपटू क्लोजेच्या लोकप्रियतेचं कारण म्हणून त्याचे विश्वचषकातले 16 गोल सांगितले जातात. 2002 मध्ये 5, सगळे हेडरने, म्हणजे डोक्याने मारलेले. मग 2006 मध्ये 5, 2010 मध्ये 4, 2014 मध्ये 2. ब्राझीलच्या रोनाल्डोचा 15 गोलांचा विक्रम त्याने 2014 मध्ये ब्राझीलमध्येच, ब्राझीलविरुद्ध मोडला. पहिला फटका गोलकीपरने अडवला, पण क्लोजे तिथेच थांबला नव्हता. परतलेला चेंडू त्याने लगेच जाळ्यात मारला. आधी सुतारकाम शिकलेला आणि खालच्या स्तरावरच्या क्लबांतून वर आलेला हा खेळाडू.

माझ्या मते मात्र खरं कारण वेगळं आहे. सप्टेंबर 2012, इटलीतल्या क्लबांचा सामना, नापोली विरुद्ध लाझिओ. क्लोजे लाझिओकडून खेळत होता. चौथ्याच मिनिटाला चेंडू क्लोजेच्या हाताला लागून गोल झाला आणि पंचांनी तो दिला. क्लोजेने स्वतः जाऊन चेंडू हाताला लागल्याचं सांगितलं, गोल रद्द झाला. नापोलीच्या खेळाडूंनी त्याच्याशी हात मिळवले. लाझिओ तो सामना 0-3 हरली, म्हणजे प्रामाणिकपणा फुकटचा नव्हता, त्याची किंमत मोजावी लागली. 2005 मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन क्लबकडून खेळतानाही त्याने मिळालेली पेनल्टी अशीच नाकारली होती. प्रतिस्पर्ध्यांचे चाहतेही त्याला मान देतात ते यामुळेच.