तुम्ही विचारलंत म्हणून: मझिर्बेला बघायचं काय?

लाटव्हियात रिगाहून कोल्का भूशिरापर्यंत जाणारे हमखास विचारतात की पुढे वीसेक किलोमीटरवर मझिर्बे हे किनाऱ्यावरचं गाव आहे, तिथे जाण्यात अर्थ आहे का? आहे. पण मोजकी घरं बघून गाडी वळवलीत, तर फुकट गेलात म्हणून समजा.

आधी किनाऱ्यालगतच्या पाइनच्या जंगलात शिरा. तिथे जुन्या लाकडी मासेमारी होड्या पडल्यात. फळ्या निखळल्यात, बरगड्या उघड्या, वर शेवाळ. चढू नका, लाकूड पार कुजलंय. सोव्हिएत काळात हा सगळा पट्टा सीमाक्षेत्र होता. परवान्याशिवाय प्रवेश नाही आणि पावलांचे ठसे उमटावेत म्हणून पुळणीवरची वाळू कुळवून ठेवत. मासेमारी मोठ्या बंदरांत एकवटली, तरुण निघून गेले, होड्या राहिल्या.

हे गाव लिव्ह या इथल्या मूळ रहिवाशांचं. त्यांची भाषा लाटव्हियनशी नात्यातली नाही. ती एस्टोनियन-फिनिशच्या कुळातली. 1939 साली फिनलंड, एस्टोनिया आणि हंगेरीच्या मदतीने उभं राहिलेलं लिव्ह लोकगृह इथेच आहे. त्यावरचा झेंडा नीट बघा: वर हिरवा, मध्ये पांढरी अरुंद पट्टी, खाली निळा. समुद्रात होडीतून किनाऱ्याकडे पाहिलं की जंगल, वाळू, पाणी याच क्रमाने दिसतं. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी इथे लिव्ह उत्सव असतो. तेव्हा यायचं तर राहायची सोय फार आधी करा.

गावामागचं स्लीतेरे राष्ट्रीय उद्यान मात्र पायीच कळतं. समुद्र टप्प्याटप्प्याने मागे हटला, तशा वाळूच्या समांतर रांगा उरल्या. त्यांना कांगारी म्हणतात, आणि मधल्या पाणथळ खोलगटांना विगस. रांगेवर कोरडं, दहा पावलं खाली उतरलात की बूट चिखलात. त्यामुळे आखलेली वाट सोडू नये. दुसरं कारण गोचीड. मेंदूज्वराचा विषाणू त्यांच्यातून पसरतो, म्हणून प्रवासाला निघण्याआधी दोनेक महिने लस सुरू करा. पहिल्या दोन डोसांत सहसा महिन्याभराचं अंतर लागतं. पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत तपासा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावत बसू नका.

भूक लागली तर स्क्लांद्रउसिस मिळतंय का बघा: राईच्या पिठाची उभ्या कडेची छोटी वाटी, तळाशी बटाट्याचा लगदा, वर गाजराचा. पीठ सैल झालं तर भट्टीत कड बसते आणि सारण ओघळतं. गोडसर असतं, आणि गारच खातात.

कोल्काच्या टोकाला पोहू नका. तिथे रिगाचं आखात आणि खुला बाल्टिक समुद्र भिडतात, प्रवाह ओढून नेतो. बसने आलात तर परतीची वेळ आधीच टिपून ठेवा; गाड्या विरळ आहेत.