पहिली पानं गेलेलं पंचांग

मॅसॅच्युसेट्समधल्या एका ग्रंथालयात, दुर्मीळ पुस्तकांच्या विभागात मी सूचीकार आहे. मागच्या हिवाळ्यात एका जुन्या शेतघरातून पुठ्ठ्याचं खोकं आलं. बायबल, शाळेची पुस्तकं, पावत्या, आणि तळाशी एक जीर्ण चोपडं. पहिली पानं गायब, वरच्या कोपऱ्यात भोक. भोक दिसताच कळलं, हे पंचांग, म्हणजे इकडचं ‘अल्मनॅक’. दोरा ओवून ती भिंतीला टांगत.

पण कुठल्या सालचं? जानेवारीची १ तारीख गुरुवारी, फेब्रुवारी २८ दिवसांचा. १७६० ते १८०० मध्ये अशी वर्षं पाच: १७६१, १७६७, १७७८, १७८९, १७९५. एप्रिलच्या पानावर ईस्टर १९ तारखेला छापलेला होता. तीन सालं तिथेच बाद झाली. उरलेल्या दोन्ही साली, १७६७ आणि १७७८ मध्ये, मात्र ईस्टर नेमका १९ एप्रिललाच येतो! मग जूनचं पान भिंगाखाली धरलं. २४ तारखेसमोर बारीक टाइपात सूर्यग्रहण. हे १७७८ चं ग्रहण. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जेफरसन आपल्या घरून ते बघायला बसले होते आणि ढगांनी त्यांचा विरस केला. शिवाय ४ जूनसमोर इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जच्या वाढदिवसाची नोंद नव्हती. १७६७ च्या पंचांगात ती सहसा असायची. स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर राजाचं कौतुक कोण छापणार?

शेवटच्या पानावर रस्त्यांची यादी होती, वाटेवरच्या खानावळवाल्यांच्या नावांसकट, आणि सगळे रस्ते बॉस्टनहून निघणारे. म्हणजे गावही सापडलं. पण बॉस्टनमध्ये पंचांगं काही एकच निघत नव्हती.

इथे मी इव्हान्सची सूची उघडली. चार्ल्स इव्हान्स हे अनाथ म्हणून वाढलेले, ग्रंथालयांतल्या नोकऱ्या गमावलेले गृहस्थ. १६३९ पासून अमेरिकेत छापलेलं सगळं कालक्रमाने नोंदवायचं त्यांनी ठरवलं आणि १९०३ ते १९३४ मध्ये जवळजवळ एकट्याने बारा खंड काढले. १७९९ सालाच्या ‘एम’ अक्षरापर्यंत पोचले आणि १९३५ मध्ये वारले. तेरावा खंड क्लिफर्ड शिप्टन यांनी १९५५ मध्ये पूर्ण केला. मला दर वेळी आपल्या शंकर गणेश दात्यांची आठवण येते. १९४३ ची त्यांची मराठी ग्रंथसूची अशाच एका माणसाच्या चिकाटीवर उभी आहे. अशा माणसांचे उपकार फिटत नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

इव्हान्स डोळे मिटून मात्र वापरता येत नाहीत. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवरूनही त्यांनी नोंदी केल्या, त्यामुळे कधी छापलीच न गेलेली पुस्तकंही त्यांच्या खंडांत आहेत. म्हणून शेजारी ड्रेक यांची १९६२ ची पंचांगसूची आणि इव्हान्सच्या सूचीला ब्रिस्टल यांनी जोडलेली १९७० ची पुरवणी लागते. तिन्हींतून १७७८ ची बॉस्टनची पंचांगं काढली आणि इव्हान्स क्रमांकावरून, म्हणजे त्यांच्या सूचीतल्या नोंदीच्या क्रमांकावरून, एकेकाच्या स्कॅन केलेल्या प्रती बघत गेले. महिन्याच्या पानाच्या डोक्यावर बहुधा काही ओळींची कविता असते. आमच्या प्रतीतली मार्चची कविता तिसऱ्या पंचांगात जुळली. मग एप्रिल, मे, ग्रहणाची ओळ, अगदी जुलैच्या पानावर उलटा बसलेला ‘एन’ सुद्धा. मी मोठ्याने ओरडले; शेजारचे सहकारी धावत आले.

इव्हान्स क्रमांक, ड्रेक क्रमांक, पहिली दोन पानं नाहीत, अशी नोंद केली. मग जास्त वेळ घेतला तो समासातल्या शाईच्या मजकुराने. ‘गाय व्याली’, ‘गवत कापलं’, आणि ऑगस्टमध्ये तीनदा ‘पाऊस’. छापील प्रती आणखी असतील, पण हा मजकूर दुसऱ्या कुठल्याच प्रतीत नाही. तो ओळीनओळ उतरवून नोंदीत घातला आणि त्या शेतघराचं गावही जोडलं, म्हणजे त्या गावाचा इतिहास शोधणाऱ्याला तो सापडेल.