फ्लोरियानाला उतरून मॉकिंगबर्ड दिसत नाही

डार्विन 1835 च्या सप्टेंबरमध्ये इक्वाडोरच्या गालापागोस बेटांवर पोचला, म्हणून मीही मुद्दाम सप्टेंबरच धरला. बघायचा होता तिथल्या फ्लोरियाना बेटाचा मॉकिंगबर्ड हा पक्षी. नाव फिंच या तिथल्या छोट्या पक्ष्यांचं झालं, पण बेट बदललं की पक्षी बदलतो, हे डार्विनच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते मॉकिंगबर्डमुळे. सान क्रिस्तोबालवरचा आणि फ्लोरियानावरचा पक्षी वेगळा दिसला, तेव्हापासून त्याने कुठला मॉकिंगबर्ड कुठल्या बेटावरचा याची नोंद ठेवली. फिंचच्या बाबतीत ते राहून गेलं.

सांताक्रूझ बेटावरच्या पुएर्तो आयोरा गावातला एजंट म्हणाला, "फ्लोरियानाला उतरलात की दिसेलच." साफ खोटं. मुख्य बेटावरून हा पक्षी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी संपला. माणसाबरोबर उंदीर आले, मांजरं आली, बकऱ्या-गाढवांनी निवडुंग फस्त केले. आता तो उरलाय शेजारच्या चॅम्पियन आणि गार्डनर या दोन चिमुकल्या बेटांवर, आणि तिथे पर्यटकांना उतरू देत नाहीत, बोटीतूनच बघायचं. हे मला कळलं 140 डॉलर भरून फ्लोरियानाला पोचल्यावर, गाइडकडून. तीच बोट, तीच ट्रिप दोन दुकानं सोडून 110 ला होती. चार ठिकाणी भाव विचारा, आणि "बोट चॅम्पियनजवळ थांबते का?" याचं स्पष्ट उत्तर मिळाल्याशिवाय पैसे काढू नका.

आता बोट. सांताक्रूझहून जाताना दोन तास, येताना दोन तास. फायबरची स्पीडबोट प्रत्येक लाटेवरून खाली आपटते आणि तो दणका थेट मणक्यात जातो. पुढे अजिबात बसू नका, इंजिनाजवळची मागची जागा धरा. एव्होमिन निघण्याआधी तासभर घ्या, बोट लागल्यावर घेऊन उपयोग नाही. डार्विनला पाच वर्षांच्या सफरीत बोट लागत राहिली, तरी तो टिकला, याचं मोल मला त्या चार तासांत समजलं. पाठीचा त्रास असेल तर ही ट्रिप करूच नका. समुद्र शांत हवा असेल तर जानेवारी ते मे जा, सप्टेंबर नको.

गालापागोस नॅशनल पार्कची फी 200 डॉलर, बेटांवर जायला लागणाऱ्या ट्रान्झिट कार्डचे 20 वेगळे. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. सांताक्रूझचे चार दिवस छान गेले.

परतीच्या वाटेवर बोट चॅम्पियनजवळ थांबली. बाकीचे स्नॉर्केलिंगला उतरले, मी दुर्बीण लावून बसलो. वीस मिनिटांनी निवडुंगाच्या पानावर तो आला. छातीच्या दोन्ही बाजूंना गडद डाग, शेपूट सतत वरखाली. एकदा चोच पानावर घासली, मान वळवली आणि गेला. माझे हात थरथरत होते. दुर्बीण 8 पटीचीच न्या, हलत्या बोटीत 10 पटीची स्थिर धरता येत नाही.