रेकॉर्ड वाजवणार नाही, हे मी एकवीस दिवस सांगत होतो

आमच्या बँडचा कार्यक्रम होऊन दीड महिना झाला. लोक अजून रस्त्यात थांबवून आम्ही वाजवलेल्या ‘गोमू’ या गाण्याबद्दल बोलतात, आणि माझ्या डोक्यातून नाट्यगृहाच्या अर्जातला तो एक रकाना काही जात नाही. म्हणून लिहून टाकतोय. पुढे कुणाला फुंकवाद्यांच्या बँडवर सिनेमाची गाणी वाजवून तिकिटाचा कार्यक्रम करायचा असेल, तर त्याचे तीन आठवडे तरी वाचतील.

आम्ही अठ्ठावीस जण. निम्मे शाळेच्या बँडमधून आलेले, चौघं लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारे, दोघी कॉलेजातल्या मुली क्लॅरिनेटवर. शिकवायला सुभेदारसाहेब, सेनादलातून निवृत्त, पचमढीला लष्करी संगीताचं शिक्षण घेतलेले. आजवर पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला मार्च वाजवायचो. यंदा युफोनियम या पितळी वाद्याचे व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायच्या कळा, आणि क्लॅरिनेटचे पॅड बदलायला पैसे हवे होते. शंभर रुपये तिकीट लावू आणि लोकांच्या ओठांवरची गाणी वाजवू, असं ठरलं. गाणी निवडायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते आनंदाने घेतलं.

बारा गाण्यांची यादी दोन संध्याकाळी झाली. नाट्यगृहाची तारीखही मिळाली. मग कार्यालयातून चार पानी अर्ज हातात पडला. प्रत्येक गाण्यापुढे चित्रपट, वर्ष, गीतकार, संगीतकार लिहायचे. हे मला पटलं, लिहायला मजाही आली. गीतकार-संगीतकारांच्या हक्काचा परवाना इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडून, म्हणजे आयपीआरएसकडून घ्यायचा असतो. तो ऑनलाइन अर्ज करून, पैसे भरून, काही त्रास न होता मिळाला. पण अर्जात त्याच्याखाली आणखी एक रकाना होता: ‘ध्वनिमुद्रण कंपनीचा परवाना’.

मी सांगितलं, आम्ही रेकॉर्ड लावणार नाही, माणसं फुंकून वाजवणार आहेत. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, “गाणी सिनेमाचीच ना? मग कंपनीचं पत्र आणा.”

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगतो, कारण मलाही ती तेव्हाच कळली. गाण्याची चाल आणि शब्द ही एक मालमत्ता, आणि त्या गाण्याचं ध्वनिमुद्रण ही वेगळी मालमत्ता. दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात, परवानेही वेगळे. तुम्ही स्वतः वाजवता तेव्हा चाल वापरता, ध्वनिमुद्रण वापरत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये तर हौशी मंडळाने फुकट बसलेल्या श्रोत्यांपुढे वाजवलं, तर चालीच्या परवान्यातूनही सूट आहे. लग्नाच्या वरातीलाही त्याच कलमात सूट आहे. आमचं तिकीट असल्यामुळे ती सूट आम्हाला नव्हती, आणि ती आम्ही मागितलीही नाही.

हे सगळं मी दुसऱ्या खेपेला कलमाची छापील प्रत घेऊन जाऊन सांगितलं. “साहेब रजेवर आहेत.” तिसऱ्या खेपेला साहेब होते, त्यांनी प्रत वाचली, मान हलवली आणि म्हणाले, “रकाना रिकामा ठेवून अर्ज पुढे जात नाही.” चौथ्या खेपेला अर्जच सापडेना. आवक क्रमांक मी घेतला नव्हता. तो पहिल्याच दिवशी, शिक्क्यासकट, आपल्या प्रतीवर घ्या. हे आधी लिहायला हवं होतं.

या धावपळीत खरं नुकसान गाण्यांचं होत होतं. यादी अर्जात बांधली गेली होती आणि तालीम मात्र आता कुठे सुरू झाली होती. खोलीत वाजवायला लागल्यावर एकेका गाण्याचं खरं रूप दिसू लागलं. ‘झिंगाट’ वरातीत वाजलं की रस्ता हलतो, म्हणून ते यादीत सर्वांत वर होतं. पण त्याचा जोर भरधाव शब्दांत आणि ठेक्यात आहे. शब्द काढले की ट्रम्पेटवाल्याला जिभेने एकेक सूर तोडत बसावं लागतं आणि दुसऱ्या अंतऱ्याला त्याचे ओठ संपतात. ते आम्ही दीड मिनिटावर आणलं आणि ड्रम पुढे घेतले. एक रॅपचं नवं गाणं मात्र वाचवता आलं नाही. त्यात बोलणं होतं, चाल नव्हती. एक गझलही पडली. तिच्यातल्या मुरक्या व्हॉल्व्हवर उतरेनात.

त्या दोन जागी मला ‘गोमू संगतीनं’ आणि ‘गाता रहे मेरा दिल’ हवी होती. पहिलं ‘हा खेळ सावल्यांचा’मधलं, 1976 चं, गीत सुधीर मोघे, संगीत हृदयनाथ मंगेशकर. दुसरं ‘गाईड’मधलं, 1965 चं. त्यात मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आहे, म्हणजे आमच्या सॅक्सवाल्यासाठी ते गाणं जन्मापासून तयार. अर्जातल्या यादीच्या दोनच ओळी बदलायच्या होत्या. खिडकीतून उत्तर आलं, “यादी बदलली म्हणजे नवा अर्ज.” नऊ दिवस गेले होते. मी बाहेर पायरीवर बसून नव्याने चार पानं भरली. त्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही.

म्हणून सांगतो, आधी तालीम करा, मग अर्ज भरा. आठवडाभर सगळी गाणी नुसत्या एका क्लॅरिनेटवर वाजवून पाहा. शब्दांशिवाय, ठेक्याशिवाय घरातल्या माणसाने गाणं ओळखलं आणि गुणगुणलं, तर ते घ्या.

पट्टीचंही बघा. मूळ गाणं शुद्ध स्वरांचं आणि पेटीच्या पांढरी तीनमध्ये असेल तर हट्टाने तिथेच वाजवू नका. तिथे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या स्वरलिपीच्या कागदावर सहा शार्प, म्हणजे सूर अर्ध्याने चढवायच्या खुणा, येतात, आल्टो सॅक्सच्या कागदावर सात. तेच गाणं अर्धा सूर खाली, काळी दोनवर आणलं की क्लॅरिनेटला एकच फ्लॅट, म्हणजे उतरवायची खूण, राहतो आणि सॅक्सला एकही नाही. श्रोत्यांना फरक कळत नाही, मुलांची बोटं मोकळी होतात. सुभेदारसाहेबांनी सगळे पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचे वेगळे कागद, रात्री जागून हाताने लिहिले, तेही दोनदा.

सुटका झाली ती विसाव्या दिवशी, सुभेदारसाहेब माझ्याबरोबर आले तेव्हा. ते आवाज न चढवता म्हणाले, “आम्ही हमी लिहून देतो.” साध्या कागदावर तीन ओळी: कार्यक्रमात सर्व संगीत प्रत्यक्ष वाजवलं जाईल, कोणतंही ध्वनिमुद्रण लावलं जाणार नाही, मध्यंतरातही नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या साहेबांनी त्या रकान्यात लिहिलं, ‘लागू नाही’. दोन शब्द. ते पहिल्या दिवशी लिहिता आले असते आणि माझ्या मुलांना नव्या दोन गाण्यांसाठी बारा तालमी जास्त मिळाल्या असत्या. नव्या गाण्यांचे पार्ट परवानगीशिवाय लिहायला घ्यायचे नाहीत, असं आमचं ठरलेलं होतं, त्यामुळे ती दोन गाणी अखेर पाच तालमींत बसवावी लागली.

मध्यंतराची हमी पाळा. चहाच्या वेळी कुणीतरी हौसेने स्पीकरवर गाणी लावतो आणि मग तो परवाना खरोखरच लागतो.

क्रम लावताना ओठांचा विचार करा. दोन जोरकस गाण्यांनंतर पितळी वाद्यांना विश्रांती द्या, क्लॅरिनेट-बासरीचं गाणं ठेवा. आम्ही तिथे ‘अश्विनी ये ना’ ठेवलं आणि सुरुवात फक्त त्या दोघी मुलींना दिली. पहिल्या ओळीतच मागच्या रांगांतून गुणगुणणं सुरू झालं.

‘गोमू’ शेवटून दुसरं होतं. गाणंच सवाल-जवाबाचं, म्हणून विचारणं ट्रॉम्बोनकडे आणि नकार क्लॅरिनेटकडे दिला होता. पहिल्यांदा ट्रॉम्बोनने विचारलं आणि मुलींनी क्लॅरिनेट तोंडाला लावायच्या आत उत्तर सभागृहातून आलं, साडेतीनशे माणसांचं. सुभेदारसाहेबांनी मुलींना हातानेच थांबवलं आणि श्रोत्यांकडे वळून काठी उचलली. पुढचे सगळे नकार लोकांनीच गायले.