केळदला मोडलेला सेंटर बोल्ट

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या बाजूला एक निळं प्लास्टिकचं स्टूल असतं. वॉचमनला वाटतं ते त्याच्यासाठी ठेवलंय. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही, पण खरं तर ते बाबांचं आहे. गाडी उंच केल्यापासून त्यांना पुढच्या सीटवर चढायला एक पायरी लागते आणि चढताना दर वेळी ते एकच वाक्य बोलतात, "एसटीला निदान फूटबोर्ड तरी होता."

बाबांची सगळी नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये गेली. त्यामुळे मी महिंद्राची जुनी सीआरडीई डिझेल इंजिनाची थार जीप घेतली तेव्हा घरात त्यांनाच मनापासून आनंद झाला. २०१० साली आलेलं हे मॉडेल. मागे कमानपाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, आणि पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी. २०२०च्या नव्या थारला चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आहेत, बसायला ती कितीतरी मऊ आहे, पण बाबांनी खाली वाकून माझ्या गाडीचे पाटे पाहिले आणि म्हणाले, "ही गाडी समजण्यासारखी आहे."

समजण्यासारखी होती ती. मग मी ती लिफ्ट केली, म्हणजे जमिनीपासून उंच करून घेतली.

मागे जास्त कमानीचे नवे पाटे आणि लांब शॉकॲब्सॉर्बर, पुढे टॉर्शन बारचे बोल्ट आवळून उंची, आणि २३५/७०च्या जागी त्याहून मोठे २४५/७५ आर १६ टायर. साधारण दोन इंच गाडी वर गेली. दिसायला काय दिसायची! पहिला आठवडा मी उगाचच दोनदा दूध आणायला गाडी घेऊन गेलो. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, "यू-बोल्ट परत कधी आवळायचे सांगितलेत?" यू-बोल्ट म्हणजे पाटे ॲक्सलला आवळून धरणारे बोल्ट. ज्यांनी काम केलं त्यांनी तसं काहीच सांगितलं नव्हतं. मी "बघतो" म्हणालो आणि पाहिलं नाही.

कायद्याचंही इथेच सांगून टाकतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल वाचला, तर कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करणाऱ्यांची बाजू लंगडी आहे. मी काही साळसूदपणाचा आव आणत नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी सहाला धायरीतून निघालो. मी आणि बाबा. आईने धपाटे आणि दह्याचा डबा दिला होता. खडकवासल्याला धुकं पाण्यावरून रस्त्यावर आलं होतं आणि चौपाटीवर कणसंवाल्याची शेगडीही अजून पेटली नव्हती. डोणजे फाटा मागे टाकून खानापूरला वळलो, रांजण्यावरून पाबे घाटात शिरलो. पुण्याहून वेल्ह्याला जायला नसरापूरचा हमरस्ता सोपा आहे, पण पाबे घाटाच्या माथ्यावर एकीकडे राजगड आणि एकीकडे तोरणा असे दोघे एकदम दिसतात. त्या एका वळणासाठी मी हा घाट कितीही वेळा चढेन.

घाटात बाबांनी स्पीडोमीटरकडे बोट दाखवलं. "काटा साठावर आहे?"

"हो."

"मग तू त्रेसष्टने चाललायस."

टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण मीटर चाकाचे फेरेच मोजतं. जुन्या टायरचा व्यास ७३५ मिलिमीटर, नव्याचा ७७४. म्हणजे पाच टक्के चूक. काटा कमी दाखवतो आणि किलोमीटरही कमी पडतात. बाबांनी हे तोंडी काढलं. मी संध्याकाळी मोबाईलवर ताडून पाहिलं, बरोबर होतं.

घाट उतरताना गाडीचं नाक प्रत्येक खड्ड्यात 'टक' करत होतं. हा आवाज लिफ्ट केल्यापासूनचा. आम्हा हौशी लोकांत एक समजूत आहे की टॉर्शन बार आवळला म्हणजे स्प्रिंग कडक झाली. तसं होत नाही. बार तेवढाच कडक राहतो, फक्त गाडी उभी राहण्याची जागा वर सरकते. पण चाकाला खाली सुटायला जी जागा असते तीच त्या उंचीत खर्ची पडते. मग खड्ड्यात चाक थोडंसं सुटलं की लगेच चाक धरणारा वरचा आर्म रबरावर आपटतो. शिवाय चाकाकडे जाणाऱ्या ॲक्सलचा कोन तिरका होतो आणि त्यावरचा रबरी बूट सतत एका बाजूला ताणलेला राहतो. बूट फाटला की वंगण बाहेर, माती आत, आणि मग जॉइंटचं आयुष्य मोजकं. माझा डावा बूट चार महिन्यांत फाटला होता. तो बदलला, वर्षाच्या आत पुन्हा फाटला. उंचीचे पैसे एकदाच द्यायचे असतात अशी माझी कल्पना होती.

वेल्ह्यात मिसळ खाल्ली आणि तोरण्याला खालूनच नमस्कार केला. १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि बाबांचे गुडघे. पुढे भट्टी, पासली करत केळदचा रस्ता धरला. दोन्ही बाजूला भातकापणी चालली होती. कुठे पेंढ्या रचलेल्या, कुठे खळ्यावर झोडणी. हवेत नव्या पेंढ्याचा गोडसर वास. या रस्त्याला पावसाळ्यात रविवारी मढे घाटाच्या धबधब्यासाठी गाड्यांची रांग लागते, पण आता सगळं शांत होतं. १६७०मध्ये सिंहगड घेताना पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच मढे घाटाने खाली कोकणात उमरठला नेला, असं इथले लोक सांगतात. घाटाच्या कड्यावर उभं राहून खालचं कोकण पाहिलं की त्या खांदेकऱ्यांच्या पायांचा विचार येतो. बाबा बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "आणि आपण दोन इंचांचं कौतुक करतोय."

परतताना माझ्यातला शहाणा माणूस झोपला. केळदच्या अलीकडे ओढ्यात उतरणारी एक बैलगाडीची वाट होती. शेतातून जात नव्हती, कुणाचं नुकसान नव्हतं, पाणी घोट्याएवढं. फोर बाय फोर लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सावकाशीचा गिअर टाकला आणि उतरलो. उतरणं सोपं गेलं. पलीकडे चढताना पुढची चाकं दगडाच्या पायरीवरून गेली, मी जरा जास्तच पाय दिला, आणि मागचं डावं चाक त्याच पायरीवर धाडकन आपटलं. पाठोपाठ 'खट्ट' असा एक छोटा, स्वच्छ आवाज.

मोठ्या आवाजाला मी घाबरत नाही. पत्रा, सायलेन्सर, काहीतरी असतं. हा आवाज वेगळा होता.

वर सपाटीला आलो तर स्टीअरिंग डावीकडे धरल्याशिवाय गाडी सरळ जाईना. बाबा उतरले, मागे वीस पावलं चालत गेले आणि म्हणाले, "हळू पुढे घे." मी घेतली. "थांब. खेकडा झालाय." म्हणजे गाडी तिरकी चालत होती.

डावं मागचं चाक इंचभर मागे सरकलं होतं. टायर मडगार्डच्या मागच्या कडेला टेकायला आलेला. पाट्यांच्या थप्पीतून आरपार एक सेंटर बोल्ट जातो. त्याचं डोकं ॲक्सलवरच्या पॅडच्या भोकात बसतं आणि ॲक्सल जागेवर राहतो. पण चाकाचे धक्के खाणं हे त्या बोल्टाचं काम नाही. ते काम यू-बोल्टांच्या आवळणीचं. थप्पी इतकी घट्ट दाबलेली हवी की घर्षणानेच ॲक्सल हलू नये. नवे पाटे पहिल्या शे-पाचशे किलोमीटरमध्ये एकमेकांवर बसतात, रंगाचा थर चेपतो, आणि यू-बोल्ट सैल पडतात. मग सगळा भार त्या बोटाएवढ्या बोल्टावर येतो. यू-बोल्टाचा नट मी हाताने फिरवून पाहिला. पान्याशिवाय फिरला.

बाबा काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

रेंज नव्हती. खळ्यावरून एक आजोबा आले, धोतराला भाताचं कूस चिकटलेलं. "काय झालं पाव्हणं?" त्यांनी खाली डोकावून पाहिलं आणि एका वाक्यात निदान केलं, "कणा सरकला जणू." मग नातवाला हाक मारून मोटारसायकल काढायला लावली. मी त्याच्या मागे बसून वेल्ह्याला गेलो. निघताना बाबांनी बजावलं, "मोडलेला बोल्ट वेल्डिंग करून आणू नकोस. आणि पाट्याला तर आगच लागता कामा नये, पाणी उतरतं." पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि त्याचा अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडला.

वेल्ह्यात ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये मिस्त्रींनी डब्यातून दहा मिलिमीटरचा बोल्ट काढला. डोक्यावर ८.८ कोरलेलं. म्हणजे चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसणारं पोलाद, आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत कायमचं न वाकणारं. मोडका तुकडा शेजारी धरून त्यांनी षटकोनी डोकं ग्राइंडरवर गोल केलं, मधूनमधून पाण्यात बुडवत, तापू न देता. चाळीस रुपये. "दोन घेऊन जा," म्हणाले. मी एकच घेतला. घाईत होतो, शिवाय पुणेकर.

परत आलो तर बाबांनी पुढच्या चाकांना दगड लावून ठेवले होते आणि जॅककडे बघत बसले होते. गाडीसोबतचा जॅक लिफ्ट केलेल्या चॅसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोचतच नव्हता! ॲक्सल उचलता येतो, पण पाटा मोकळा करायचा तर चॅसी उचलायला हवी, आणि चॅसी मी हौसेने दोन इंच वर नेऊन ठेवली होती. आजोबांनी खळ्यावरचा एक ओंडका आणून दिला. त्यावर जॅक, चॅसीखाली दुसरा ओंडका आधाराला, आणि काढलेली स्टेपनी खाली सरकवलेली. गाडी पडलीच तर माणसाच्या आधी टायरवर पडावी, ही दापोडीची शिस्त.

पुढचं काम लिहिण्यात पाच ओळींचं, करण्यात दोन तासांचं. यू-बोल्ट सोडले, थप्पी शिकंज्यात धरली, मोडलेला तुकडा ठोकून काढला, नवा बोल्ट घातला. मग आजोबांची पहार ॲक्सलला लावून तो पुढे ढकलायचा. मी भोक जुळलं का बघायला बोट पुढे केलं तर बाबांनी हातावर फटका मारला. चाळिशीतल्या मुलाच्या. "बोट नाही. स्क्रूड्रायव्हर." तेवढ्यात ॲक्सल सरकला आणि बोल्टाचं डोकं 'टप्प' करून भोकात बसलं. माझं बोट तिथे असतं तर ती गोष्ट मी दुसऱ्या हाताने लिहीत असतो.

नट फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे, चारही सारखे. धपाटे आम्ही पाचला खाल्ले, आजोबांच्या ओसरीवर. त्यांनी पैसे घेतले नाहीत. दह्याचा डबा घेतला, आणि तो परत देताना त्यात नवे तांदूळ भरून दिले.

पुण्याला यायला साडेतीन तास लागले. चाळिसाच्या वर काटा नाही. वेल्ह्यात, पाबेला, घाटमाथ्यावर, खानापूरला, प्रत्येक ठिकाणी बाबा उतरून पाना लावायचे. घाटमाथ्यावर राजगड पूर्ण काळा झाला होता. बाबा रस्त्याच्या कडेला पाठीवर आडवे, टॉर्च दातात. वेल्ह्याला नट पाव फेरा फिरले होते, खानापूरला अजिबात नाही. तेव्हा कुठे ते हसले.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेत जाऊन दोन्ही बाजूंचे नवे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट घेतले. दुकानदार म्हणाला, "सेंटर बोल्ट गाडीला दोनच लागतात." बाबा म्हणाले, "चार दे." पुढचे टॉर्शन बारही मी एक इंच सैल केले. नाक जरा खाली आलं, गाडीचा रुबाब कमी झाला असं दोन मित्रांनी सांगितलं, आणि टक-टक थांबली. बुटाचं अजून सांगता येत नाही.

परवा रात्री गाडी लावायला आलो तर बाबा निळ्या स्टुलावर बसले होते. वॉचमन बाजूला उभा. हातात एकोणीसचा पाना.

"नवे बोल्ट टाकल्यापासून किती किलोमीटर झाले?"

"शंभर."

"म्हणजे एकशेपाच. उतर खाली."