कुस्ती की ज्युदो? तुम्ही विचारलंत म्हणून

लढतीच्या खेळांचं शिबिर सांगलीत असो, कऱ्हाडला असो नाहीतर साताऱ्याला, संध्याकाळचा सराव संपला की सगळे गोल करून बसतात आणि एकेकाची ओळख निघते. कुणी म्हणतं, मी कराटेतल्या शोतोकान शैलीचा, दुसरा डॅन. कुणी कोल्हापूरच्या गंगावेस तालमीचं नाव घेतं. कुणी लाठी आणि दांडपट्टा घरातच शिकलेला असतो. माझी पाळी आली की मात्र मी तोंड उघडायच्या आत प्रश्न येतो: "ताई, तुम्ही मूळच्या कुस्तीच्या की ज्युदोच्या?" शिकवते मी ज्युदो. पण माझं उभं राहणं आणि मानेवर हात टाकायची पद्धत बघून पैलवान मंडळींच्या लगेच लक्षात येतं की ही मातीतली आहे. त्या गोलात बसून दोन वाक्यांत जेवढं सांगता येतं तेवढं सांगते, पण खरं उत्तर तेवढ्यात मावत नाही. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

आमचं गाव पलूस तालुक्यात. कुंडलचं मैदान म्हणजे आमच्याकडे सणासारखं. माझे थोरले चुलते, तात्या, गावच्या तालमीचे वस्ताद होते. हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याच्या, मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काव घालून ती मळायचं काम मी लहानपणापासून पाहिलं. पाहिलं, पण उंबऱ्याबाहेरून. तालमीत मारुती, त्यामुळे मुलींनी हौद्यात पाय ठेवायचा नाही हा नियम होता आणि तो कुणी मोडत नव्हतं. मी रडून गोंधळ घातला तेव्हा वडिलांनी मळ्यात, गोठ्यामागं, माती चाळून लहानसा हौदा करून दिला. संध्याकाळी तात्या तिथं येऊन बसायचे. तालमीचा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला आणि पुतणीलाही शिकवलं. या दोन्ही गोष्टींबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे, हे इथं सांगायलाच हवं.

तात्यांनी डाव फार उशिरा शिकवले. आधी जोर, बैठका, आणि मान. डोकं आणि पाय टेकवून कंबर वर उचलायची आणि तशीच धरायची, त्याला आता पोरं ब्रिज म्हणतात. "हात जाऊ दे, पाय जाऊ दे, पोरी, पण पाठ द्यायची न्हाई." मातीतली कुस्ती एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे. दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती संपली. गुण नाहीत, जुन्या रिवाजात वेळेची फार फिकीर नाही, उभ्यानं होणारी खडाखडी कितीही चालो, शेवटी पाठ कुणाची लागली एवढंच लोक विचारतात. त्यामुळे पैलवानाच्या अंगात एक गोष्ट इतकी मुरते की ती विचार न करता होते. तोल गेला की तो हवेतच वळतो आणि पोटावर येतो. माती मऊ असते, पोटावर पडल्यानं काही बिघडत नाही. पाठ वाचली, कुस्ती वाचली.

आठवीत मी सांगलीला शिकायला आले. शाळेच्या स्पर्धांमध्ये मुलींसाठी ज्युदो होता. मुलींची कुस्ती तेव्हा आमच्या भागात जवळजवळ नव्हतीच. जगाचीही तीच चाल होती. महिलांचा ज्युदो ऑलिंपिकमध्ये पदकांसह 1992 ला बार्सिलोनात आला, महिलांची कुस्ती 2004 ला अथेन्समध्ये. माझ्यासारख्या कुस्तीच्या घरातल्या कितीतरी मुली त्या बारा वर्षांच्या फटीतून ज्युदोत शिरल्या. मी आवडीनं गेले असं म्हणणार नाही. जे दार उघडं होतं त्यातून गेले.

पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं, मागे पड. ताडपत्री ताणलेल्या गाद्या होत्या, अंगात जाड सुती ज्युदोगी, आणि काम एवढंच: हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, मागे लोळायचं आणि हातांनी गादीवर चापट मारायची. उकेमी म्हणतात त्याला. इतर मुली हसत हसत करत होत्या. माझं अंग तयारच होईना. पाठ गादीला लागायच्या आत मी वळून पोटावर यायचे. सरांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कुस्तीच्या घरची आहेस का गं?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग तुला वेळ लागेल. लागू दे."

खूप वेळ लागला. आणि त्या काळात मला जे कळलं तेच माझ्या सगळ्या शिक्षणाचं मूळ आहे, म्हणून इथं थोडं थांबते.

वरवर पाहिलं तर दोन खेळ एकमेकांच्या अगदी उलट शिकवतात. एक म्हणतो पाठ देऊ नकोस, दुसरा म्हणतो पाठीवर पडायला शीक. पण ज्युदोतही पाठीवर पडणं म्हणजे हारच. जोरात, वेगानं आणि ताब्यात ठेवून प्रतिस्पर्ध्याला पाठीवर आपटलं की इप्पोन, लढत तिथंच संपते. मग ज्यानं हार होते तेच पहिल्या दिवशी का शिकवायचं? मी सरांना हे विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, मला एका मोठ्या मुलीसमोर उभं केलं आणि तिला सांगितलं की हिला टाक. तिनं टाकलं, पण अर्ध्यावर जोर कमी केला आणि मला हळूच ठेवलं. माझं पडणं कच्चं असल्याचं तिला दिसत होतं. मग तिनं दुसऱ्या मुलीला घेतलं, जिला पडता येत होतं, आणि तिला पूर्ण ताकदीनं टाकलं. तेव्हा समजलं. मला पडता येत नाही तोवर माझ्या जोडीदारणीचा डाव पक्का होणार नाही. उकेमीनं माझं डोकं आणि मणका वाचतो हे खरंच, आघात एका जागी न बसता हातावर, पाठीवर पसरतो. पण सरावात मी पडते ती समोरचीला पूर्ण टाकता यावं म्हणून.

जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका देवळात, बारा तातामींच्या, म्हणजे जपानी चटयांच्या, जागेत, कोदोकान सुरू केलं. त्यांनी दोन तत्त्वं मांडली: शक्तीचा सर्वोत्तम उपयोग आणि परस्परांचं हित. दुसरं तत्त्व पुष्कळ डोजोंमध्ये, म्हणजे सरावाच्या जागांमध्ये, भिंतीवर लावलेलं असतं. मला ते भिंतीवर वाचून कळलं नसतं. त्या मुलीनं जोर कमी करून मला गादीवर ठेवलं तेव्हा कळलं.

सुट्टीत गावी गेल्यावर मी तालमीच्या उंबऱ्यावर पुन्हा बसले आणि जे लहानपणी दिसलं नव्हतं ते दिसलं. शंभर किलोचा पैलवान शाळकरी पोरांना जोर देत होता, म्हणजे सरावाला अंग देत होता. पोटावर पडून राहायचा, आणि दोन पोरं त्याला उलटवायला झटायची. तो त्यांना बेताबेतानं जागा द्यायचा. ज्याचा घिस्सा हा डाव बरोबर बसला त्याच्यासाठी तो खरोखर कलंडायचा, ज्याचा चुकला त्याला दगडासारखा जड व्हायचा. तोंडानं अक्षर बोलत नव्हता. तात्या बाजूला मान हलवत होते. पाठ द्यायची नाही हा नियम फडातला, म्हणजे मैदानातल्या कुस्तीचा. तालमीत मोठ्यानं लहानाला रोज पाठ द्यायची असते, त्याशिवाय लहान मोठा कसा होणार? जे मी सांगलीच्या गाद्यांवर शिकत होते ते आमच्या गावात किती पिढ्या चालू होतं.

म्हणून कुणी विचारलं की तुमचं मूळ काय, तर मला आधी ती मोठी मुलगी आठवते आणि मग तात्या. बेल्ट त्यानंतर.

या दोन खेळांची गाठ आमच्या भागातल्या एका माणसाच्या आयुष्यात फार पूर्वीच पडली होती. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1948 ला ते लंडन ऑलिंपिकला गेले. मातीतला मल्ल मॅटवर उतरला आणि फ्लायवेटमध्ये सहावा आला. 1952 ला हेलसिंकीत त्यांनी 57 किलो गटात कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण त्या गटात सुवर्ण जिंकणारे शोहाची इशी कोण होते हे मी शिबिरात विचारते तेव्हा सहसा कुणी हात वर करत नाही. इशी मुळात ज्युदोका. युद्धानंतर जपानमध्ये अमेरिकी प्रशासनानं ज्युदोवर बंदी आणली म्हणून ते कुस्तीकडे वळले. म्हणजे हेलसिंकीच्या मॅटवर जी कुस्ती झाली तीत एका बाजूला ढाक हा डाव मारण्यात नाव कमावलेला गोळेश्वरचा मल्ल होता आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या खेळाचं दार बंद झालेला ज्युदोका. दोघंही घरची जमीन सोडून परक्या जमिनीवर, परक्या नियमात उतरले होते. त्यांना कुणी विचारलं असतं की तुमचं मूळ कुठलं, तर दोघांचंही उत्तर लांबलं असतं.

आता एक गोष्ट सांगते जी मला अजून पटलेली नाही. मी ज्युदो खेळत होते तेव्हा माझं मुख्य हत्यार पट होता. समोरची ज्युदोगीची कॉलर धरायला वर बघते तोवर मी खाली शिरून तिचे पाय काढायचे. तात्यांनी शिकवलेला एकेरी पट, दुहेरी पट. ज्युदोत त्यालाही जपानी नावं होती आणि तो रीतसर डाव होता. मग 2010 ला आंतरराष्ट्रीय महासंघानं पायांवर थेट हात घालण्यावर निर्बंध आणले आणि 2013 पासून उभ्या लढतीत पट्ट्याखाली हात लावणंच बंद झालं. कारण मला समजतं. खेळाडू कमरेत वाकून एकमेकांपासून दूर राहायचे, ताठ उभं राहून होणारी मोठी फेक मागं पडत होती, आणि ज्युदो वेगळा दिसायला हवा होता. पण कुस्तीच्या घरातून येणाऱ्या मुलींचं घरचं शिक्षण त्या एका नियमानं चुकीच्या रकान्यात गेलं.

आणि ज्युदोला कुस्तीचं वावडं कधी होतं? तरुणपणी कानो यांना एक वजनदार सोबती काही केल्या टाकता येत नव्हता. त्यांनी ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीवरचं पुस्तक चाळलं आणि त्यातून खांद्यावर उचलून टाकायचा डाव बसवला. तोच काता-गुरुमा. आमच्याकडची पोरं तो पाहून एका सुरात "कलाजंग!" म्हणतात. फरक आहे, पकड वेगळी, खाली बसण्याची पद्धत वेगळी, पण अंगाला तो डाव आधीच ओळखीचा असतो. धोबीपछाड आणि सेओई-नागे यांचंही तसंच. मी शिकवताना दोन्ही नावं सांगते. स्पर्धेत काय चालतं ते स्वतंत्र सांगते.

शिबिरातल्या त्या गोलात बसून मी दुसऱ्यांकडूनही पुष्कळ घेतलं. साताऱ्याच्या एका कराटेच्या मुलानं मला दाखवलं की त्याच्या सरावात सगळ्यात कठीण गोष्ट ठोसा मारणं नसून तो अंगाला लागायच्या आत थांबवणं आहे. आमच्या दोन्ही खेळांत अंतर नसतंच, आम्ही चिकटलेलेच असतो. त्याला अंतर राखायचं असतं आणि विश्वासही ठेवायचा असतो की समोरचा थांबेल. लाठी फिरवणाऱ्या एका मुलीनं सांगितलं की ती बहुतेक वेळ एकटीच सराव करते, जोडीदार मनात धरून. मला ते ऐकून नवल वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. मी एकटी सराव करू शकले नसते. यामुळे मी आता कुणाची ओळख करून घेताना शैली आणि डॅन यांच्या आधी दोन गोष्टी विचारते: तुमच्या खेळात हरणं म्हणजे नक्की काय, आणि तुम्ही कुणासोबत वाढलात. माणूस कसा लढतो ते या दोन उत्तरांतून मला जास्त कळतं.

2023 च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी ती जिंकली. मी माझ्या ज्युदोच्या मुलींना घेऊन गेले होते. गदा वर गेली तेव्हा आमच्या ओळीत जो आरडाओरडा झाला त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. घरी येताना एका मुलीनं विचारलं, "ताई, हे तुमच्या वेळी असतं तर तुम्ही ज्युदोत आला असता का?" मी खरं ते सांगितलं. नसते आले. आणि आज परत निवडायला सांगितलं तर दोन्ही निवडीन, कारण आता मला माहीत आहे की दुसरीकडे काय आहे.

या प्रश्नाच्या मागोमाग पालकांचा एक प्रश्न असतोच, तोही इथंच उरकते: मुलीला आधी कशात घालायचं? मुलींना घेणारी चांगली तालीम आता जवळ असेल, वस्ताद लक्ष घालणारे असतील, तर लहानपणी मातीत घाला. मान, कंबर आणि पायांची जी तयारी माती करून देते ती मॅटवर नंतर तितकीशी होत नाही. तालीम नसेल तर ज्युदो, आणि तिथं पहिले काही महिने फक्त पडायला शिकवलं जातंय ना एवढं जाऊन बघा. डाव दाखवायची घाई असलेल्या वर्गात मूल घालू नका. आणि दोन्ही करायचं असेल तर आठवड्याचे दिवस वेगळे ठेवा, एकाच संध्याकाळी दोन्ही नको. सुरुवातीला अंग गोंधळतं, मागे पडताना मुली पोटावर वळतात. त्यांना रागावू नका, वेळ लागतो.